हजार हातांचा फंडा

अजिंठ्याच्या भिंतीवरचा राजकुमार, चीनमधली पांढरीशुभ्र देवी, तिबेटमधला अकरा डोक्यांचा रक्षक आणि तुमच्या ऑफिसातल्या प्रिंटरवरचं नाव. या सगळ्यांचं मूळ एकच आहे असं सांगितलं तर?

ऑफिसच्या कोपऱ्यातल्या प्रिंटरवर किंवा लग्नातल्या फोटोग्राफरच्या गळ्यातल्या कॅमेऱ्यावर 'कॅनन' हे नाव तुम्ही शंभरदा वाचलं असेल. ते आलं कुठून, हा प्रश्न मात्र सहसा कुणाला पडत नाही. १९३४ मध्ये टोकियोतल्या एका छोट्या प्रयोगशाळेनं आपल्या पहिल्यावहिल्या कॅमेऱ्याला नाव दिलं 'क्वानन'. क्वानन किंवा कान्नोन म्हणजे जपानी बौद्धांची करुणेची देवता. पहिल्या लोगोत ती चक्क हजार हातांसकट विराजमान होती! पुढे जगभरात खपेल असं 'कॅनन' हे नाव आलं आणि देवता लोगोतून बाहेर पडली.

ही कान्नोन मूळची आपल्याकडची. तिचं भारतातलं नाव अवलोकितेश्वर. हा बोधिसत्त्व, म्हणजे बुद्धत्वाच्या उंबरठ्यावर पोचलेला, पण 'आधी बाकीच्यांना दुःखातून बाहेर काढतो, मग माझं बघू' असं म्हणून थांबलेला. अवलोकित म्हणजे जगाकडे पाहणारा. काही जुन्या संस्कृत हस्तलिखितांत हेच नाव 'अवलोकितस्वर' असं येतं. चिनी भाषांतरात तो झाला 'ग्वानयिन', म्हणजे जगाचे आवाज जाणणारा. पाहणं आणि ऐकणं, एवढाच त्याचा जॉब प्रोफाइल. पण या एका प्रोफाइलवर आशियानं दीड हजार वर्षं इतके चेहरे चढवलेत की बॉस, थक्क व्हायला होतं.

भीतीची यादी

आपल्याला तो माहीत असतो अजिंठ्याच्या लेणे क्रमांक १ मधल्या पद्मपाणीमुळे. पाचव्या शतकातलं हे चित्र पोस्टरपासून हॉटेलच्या लॉबीपर्यंत सगळीकडे पोचलंय. हातात कमळ, डोक्यावर उंच मुकुट, मान किंचित कललेली आणि नजर खाली. दागिन्यांनी मढलेला असूनही चेहऱ्यावर श्रीमंतीचा तोरा नाही. आपण म्हणतो, 'काय सही चेहरा आहे!' आणि फोटो काढून पुढे सरकतो.

पण त्या काळातले लोक त्याच्यापुढे कशाला उभे राहायचे? याचं उत्तर छत्रपती संभाजीनगर शहरालगतच्या औरंगाबाद लेण्यांमध्ये मिळतं. तिथल्या सातव्या लेण्यात अवलोकितेश्वर मधोमध उभा आहे आणि दोन्ही बाजूंना छोटे-छोटे देखावे कोरलेत. आग, तलवार उगारलेला शत्रू, बेड्या, बुडणारं जहाज, सिंह, साप, हत्ती आणि मृत्यू. ही आठ महाभयं. प्रत्येक देखाव्यात माणसं हात जोडून हाका मारतायत आणि तो हवेतून त्यांच्याकडे झेपावतोय. मुंबईत कान्हेरीच्या ९० क्रमांकाच्या लेण्यातही असंच शिल्प आहे. कान्हेरीला दान देणाऱ्यांत कल्याण आणि सोपाऱ्याचे व्यापारी होते. जहाज बुडणं किंवा वाटेत लूटमार होणं ही त्यांच्यासाठी पुराणातली गोष्ट नव्हती, तर धंद्यातली रोजची रिस्क होती. थोडक्यात, हा त्या काळातला ट्रॅव्हल इन्शुरन्स!

म्हणूनच मला वाटतं, अवलोकितेश्वराची शिल्पं म्हणजे त्या-त्या समाजाच्या भीतीची यादी आहे. कोण कशाला घाबरत होतं, हे त्यात वाचता येतं.

डोकं फुटलं तेव्हा

कान्हेरीलाच ४१ क्रमांकाच्या लेण्यात त्याचं एक वेगळंच रूप आहे. एका धडावर अकरा डोकी. भारतात हे रूप फार दुर्मिळ, पण तिबेट, चीन, कोरिया आणि जपानमध्ये ते घराघरांत पोचलेलं.

या अकरा डोक्यांची तिबेटमध्ये प्रसिद्ध असलेली कथा भन्नाट आहे. तिबेटी लोक त्याला चेनरेझिग म्हणतात आणि दलाई लामांना त्याचंच रूप मानतात. तर चेनरेझिगनं शपथ घेतली, सगळ्या जीवांना सोडवीन, आणि कधी हताश झालो तर माझे तुकडे होवोत. युगानुयुगं राबून त्यानं नरक रिकामे केले. मागे वळून पाहतो तर ते पुन्हा गच्च भरलेले! तो खचला आणि खरोखरच त्याचे तुकडे झाले. तेव्हा अमिताभ बुद्धानं ते तुकडे गोळा करून त्याला अकरा डोकी आणि हजार हात दिले. तिबेटी चित्रांत सगळ्यात वर अमिताभाचं डोकं असतं आणि त्याच्या खालोखाल एक उग्र, दात विचकलेलं. म्हणजे करुणेलाही कधीकधी रागावता यायला हवं.

गेल्या पावसाळ्यात ही गोष्ट मी त्या लेण्यातच उभं राहून माझ्या एका मैत्रिणीला सांगितली. ती एका कंपनीच्या हेल्पलाइनवर काम करायची. नऊ-नऊ तास दुसऱ्यांची रडगाणी ऐकायची आणि घरी आली की कुणाशी एक शब्द बोलायची नाही. तिनं गोष्ट शांतपणे ऐकली आणि म्हणाली, 'त्याचं डोकं फुटलं तेव्हा त्याला दहा डोकी एक्स्ट्रा मिळाली. मला दोन दिवसांची सुट्टी मिळाली.'

मी हसले, पण ती हसली नाही. दोन महिन्यांनी तिनं ती नोकरी सोडली. ज्याला आज आपण 'बर्नआउट' म्हणतो, तो या कथेत शेकडो वर्षांपासून आहे. आणि त्यावरचा उपाय 'अजून जोर लाव' हा नाही. तुकडे झालेल्याला आधी कुणीतरी गोळा करावं लागतं, त्याच्या मदतीला आणखी डोकी आणि आणखी हात द्यावे लागतात.

राजकन्या लग्नाला नाही म्हणते

चीनमधल्या सुरुवातीच्या चित्रांत ग्वानयिनला चक्क मिशा आहेत. पण साधारण दहाव्या शतकानंतर हे रूप हळूहळू स्त्रीचं होत गेलं. त्यामागे एक गाजलेली कथा आहे. इ. स. ११०० मध्ये हनान प्रांतातल्या एका मंदिरात ती शिलालेखावर कोरली गेली. राजकन्या म्याओशान लग्नाला ठाम नकार देते. चिडलेला बाप तिला ठार मारायला निघतो. ती वाचते आणि डोंगरावर साधना करत राहते. पुढे राजाला असाध्य रोग होतो. औषध एकच, ज्याच्या मनात रागाचा लवलेश नाही अशा माणसाचे डोळे आणि हात. म्याओशान स्वतःचे देते. बरा झालेला राजा आभार मानायला येतो, तर समोर आपलीच मुलगी! मग ती हजार हात आणि हजार डोळ्यांच्या रूपात प्रकट होते.

ठार मारायला निघालेल्या बापासाठी मुलीनंच डोळे काढून द्यायचे, हे मला अजूनही पचत नाही. पण बायकांनी या कथेतून आपल्याला हवं ते उचललं. दक्षिण चीनच्या रेशीम पट्ट्यात एकोणिसाव्या शतकात स्वतः कमावणाऱ्या काही मुली कधीच लग्न न करण्याची शपथ घेत. ती ग्वानयिनपुढे घेतली जाई. 'स्थळं बघायला सुरुवात करू या का?' या प्रश्नाला याहून दणदणीत उत्तर मी तरी ऐकलेलं नाही.

एक हजार एक चेहरे

जपानमधल्या क्योतो शहरात सांजूसांगेन्दो नावाचं लांबच लांब लाकडी सभागृह आहे. ११६४ मध्ये उभारलेलं, आगीत जळालेलं आणि १२६६ मध्ये पुन्हा बांधलेलं. आत कान्नोनच्या एक हजार एक मूर्ती रांगेत उभ्या आहेत. छातीशी जोडलेले दोन हात सोडले तर प्रत्येकीला चाळीस हात. एकेक हात पंचवीस जगांना तारतो, म्हणून चाळीस गुणिले पंचवीस बरोबर हजार! इतक्या चेहऱ्यांत आपल्याला भेटावासा वाटणारा चेहरा हमखास सापडतो, असं तिथे म्हणतात. गंमत म्हणजे जिच्या नावावरून कॅमेऱ्याचं नाव पडलं, तिच्या या सभागृहात फोटो काढायला बंदी आहे.

जपानमध्येच १६१४ साली ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली. ती उठेपर्यंत १८७३ उजाडलं. या काळात लपून राहिलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी चिनी मातीच्या पांढऱ्या ग्वानयिन जपून ठेवल्या. कडेवर मूल घेतलेली ग्वानयिन त्यांच्यासाठी माता मरिया होती. बाहेरच्याला दिसायची कान्नोन, घरच्यांना मरिया. भीती बदलली तसा चेहऱ्याचा अर्थही बदलला.

आणि आपला मच्छिंद्रनाथ? नेपाळमधल्या पाटणमध्ये लाल रंगाच्या रातो मच्छिंद्रनाथाची उंचच्या उंच रथातून जत्रा निघते. तिथले नेवार बौद्ध त्याला करुणामय, म्हणजे अवलोकितेश्वर मानतात. हिंदूंसाठी तो नाथपंथाचा मच्छिंद्रनाथ. मागणं दोघांचंही एकच, पाऊस पडू दे. शेतकऱ्याच्या भीतीच्या यादीत पहिलं नाव दुष्काळाचंच असणार ना!

तळहातावरचा डोळा

हजार हात म्हटलं की आपल्याला मल्टिटास्किंग आठवतं. पण ही शिल्पं जवळून पाहा. अनेक ठिकाणी प्रत्येक तळहातावर एक डोळा असतो. म्हणजे हात पुढे करण्याआधी समोरच्याला नीट बघा. न बघता केलेली मदत ही निव्वळ धावपळ.

२००५ च्या चिनी नववर्षाच्या टीव्ही कार्यक्रमात 'हजार हातांची ग्वानयिन' हे नृत्य सादर झालं. त्याचा व्हिडिओ मिळाला तर नक्की बघा. एकामागे एक उभे असलेले एकवीस नर्तक, समोर ताय लिहुआ आणि तिच्या मागून पंख्यासारखे उलगडणारे बेचाळीस हात. सगळे नर्तक कर्णबधिर. संगीत त्यांना ऐकूच येत नव्हतं. स्टेजच्या कोपऱ्यांत उभे राहिलेले शिक्षक हातांच्या खुणांनी त्यांना ताल देत होते. जिच्या नावाचा अर्थच 'आवाज जाणणारी', तिला कानांनी ऐकू न येणाऱ्यांनी उभं केलं, ते फक्त एकमेकांकडे लक्ष देऊन.

हजार हात कुणा एकट्याला फुटत नाहीत. ते असे एकामागे एक उभं राहिल्यावरच दिसतात. माझी मैत्रीण हेल्पलाइनवर बसायची तेव्हा तिच्या मागे कुणीच उभं नव्हतं.

विकेंडला बघायचं असेल तर...

कान्हेरी : बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात. लेणी ४१ आणि ९० चुकवू नका. सोमवारी बंद.

अजिंठा : लेणे १. गाभाऱ्याच्या दाराशी, तुमच्या डाव्या हाताला पद्मपाणी. इथेही सोमवारी सुट्टी.

औरंगाबाद लेणी : बीबी का मकबऱ्याच्या मागच्या डोंगरात. लेणे ७. अजिंठा-वेरूळच्या मानानं गर्दी कमी. आठही भयं ओळखता येतात का बघा. मग तुमची स्वतःची यादी करा.