बंद मोटार आणि तान्हे बाळ

वैशाख लागला की आपल्याकडे लग्नसराई सुरू होते. पूर्वी वऱ्हाड बैलगाडीने नाहीतर एसटीने जायचे. आता दारात जीप किंवा कार येऊन उभी राहते. घरातली तान्ही बाळेही बरोबर असतात. बैलगाडीत ऊन लागायचे, पण वाराही लागायचा. काचा लावून उभ्या असलेल्या मोटारीत वारा नसतो. म्हणून मोटारीत बाळाची काळजी कशी घ्यावी हे आपण मुलांनी समजून घेऊ. पालकांनीही वाचावे ही विनंती.

मोटार आतून एवढी का तापते?

सूर्याचा प्रकाश काचेतून सहज आत जातो. त्याने आतली सीटे, पट्टे, पत्रा सगळे तापते. तापलेल्या वस्तू उष्णता बाहेर टाकतात, पण ती उष्णता काचेतून सहजासहजी बाहेर जात नाही. गरम हवाही आतच कोंडून राहते.

घरी एक प्रयोग करून पाहा. दोन वाट्यांत सारखे पाणी घ्या. दोन्ही वाट्या उन्हात ठेवा आणि एकीवर काचेची बरणी पालथी घाला. तासाभराने बोट घालून पाहा. बरणीखालचे पाणी जास्त गरम लागेल. बंद मोटार म्हणजे अशीच एक मोठी बरणी!

अमेरिकेतील डॉक्टरांनी आणि हवामान जाणणाऱ्यांनी उन्हात बंद मोटार ठेवून आतले तापमान मोजले. ती माहिती २००५ साली प्रसिद्ध झाली. एका तासात आतले तापमान सरासरी २२ अंश सेल्सिअसने वाढले. त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच थोडी खाली ठेवली तरी फारसा फरक पडला नाही. आपल्या चंद्रपूर, अकोला, जळगाव भागात तर मे महिन्यात बाहेरच ४२ ते ४५ अंश होते. मग आत काय होत असेल, तुम्हीच विचार करा. म्हणून "पाचच मिनिटांत येतो" म्हणून बाळाला गाडीत ठेवून जायचं नाही म्हणजे नाही. सावलीचाही भरवसा नाही. सूर्य सरकतो तशी सावलीही सरकते.

बाळाला जास्त धोका का?

माठातले पाणी गार का होते? माठ पाझरतो, ते पाणी वाऱ्याने सुकते आणि सुकताना उष्णता घेऊन जाते. आपला घाम हेच काम करतो. कोंडलेल्या गाडीत घाम नीट सुकत नाही. त्यात बाळाचे अंग मोठ्या माणसापेक्षा तीन ते पाच पट लवकर तापते. बाळाला "उकडतंय" असे सांगता येत नाही, दारही उघडता येत नाही. अंगाचे तापमान ४० अंशांच्या वर गेले की उष्माघात होतो. त्यात जीवही जाऊ शकतो.

प्रवासात काय करावे?

१. शक्यतो पहाटे निघावे किंवा ऊन उतरल्यावर.
२. बसण्याआधी चारही दारे थोडा वेळ उघडी ठेवावीत. सीटला आणि पट्ट्याच्या लोखंडी कडीला हात लावून पाहावे. बाळाला चटका बसतो.
३. बाळाला एकच पातळ सुती झबले घालावे. कुंची, टोपी, दुपट्यात गुंडाळणे नको. ऊन लागू नये म्हणून तोंडावर फडके टाकू नये, हवा अडते.
४. बाळाला मागच्या सीटवर, सावलीच्या बाजूला ठेवावे. दुपारनंतर गाडी उत्तरेकडे जात असेल तर ऊन डाव्या हाताला येते, तेव्हा उजवी बाजू बरी.
५. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला फक्त आईचेच दूध, पण जास्त वेळा. त्यासाठी गाडी थांबवावी. आईनेही भरपूर पाणी प्यावे.

बाळाचे अंग तापले, ते मलूल झाले, दूध ओढेना, लंगोट बराच वेळ कोरडा राहिला किंवा टाळू खोल गेली तर थांबू नये. बाळाला सावलीत न्यावे, कपडे काढावेत, साध्या पाण्याने अंग ओले करून वारा घालावा. बाळ शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नये. १०८ क्रमांकाला फोन करावा आणि लगेच दवाखाना गाठावा. कांद्याचा रस चोळत बसण्यात वेळ घालवू नये.

आता आपल्या मुलांसाठी

लपाछपी खेळताना उभ्या गाडीत लपू नका. काही गाड्यांची मागची दारे आतून उघडत नाहीत. कोणी अडकलेच तर पुढच्या सीटवर जाऊन दार उघडून पाहावे आणि हॉर्न दाबत राहावे. मोठ्यांनीही गाडीला कुलूप लावून किल्ली मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी.

आणखी एक काम आपण करू शकतो. लग्नघरी गाडी पोचली की गडबड उडते. आईला वाटते बाळ मावशीने घेतले, मावशीला वाटते आजीने घेतले. बाळ मागे झोपलेले असले तर आवाजही करत नाही. यात कोणाची माया कमी नसते, पण चूक होते. म्हणून गाडीतून उतरताना आपणच मोठ्याने विचारायचे, "बाळ कोणाकडं आहे?" आणि "माझ्याकडं" असे उत्तर ऐकल्याशिवाय, बाळ डोळ्यांनी पाहिल्याशिवाय दार लावू द्यायचे नाही. मोठी माणसे हसली तर हसू द्या. विचारायला पैसे पडत नाहीत आणि बाळाचा जीव वाचतो.

— इयत्ता सातवीचे विद्यार्थी