धुक्यातला फोटो मळकट का येतो?

परवा हरिश्चंद्रगडावर कोकणकड्यापाशी उभा होतो. समोर पांढरंशुभ्र धुकं, फोटोत मात्र मळकट राखाडी!

कारण सोपं आहे. कॅमेऱ्याचं ऑटो एक्सपोजर समोरचं दृश्य मध्यम राखाडी उजेडाचं आहे असं धरून चालतं. पांढरं जास्त असलं की फोटो काळवंडतो.

मी लाइटरूम या फोटो एडिटिंग ॲपमध्ये आधी एक्सपोजर थोडं वाढवतो. मग टेम्परेचर किंचित पिवळ्याकडे सरकवतो, निळसर झाक जाते.

हिरव्या रंगाचं सॅच्युरेशन जरा उतरवतो, म्हणजे गवत भडक न दिसता ओलं, खरं वाटतं.

धुकं कमी करणारं डिहेझ मात्र वाढवत नाही. धुकं पुसलं तर पावसाळाच पुसला जातो.

तुमचा असा एखादा फोटो असेल तर कमेंटमध्ये टाका. काय करता येईल ते नक्की सांगेन.