‘साचलेले’ आणि ‘साठवलेले’ : डासप्रतिबंधक सूचनांतील एक अर्थभेद

पावसाळ्याच्या प्रारंभी मुंबईच्या उपनगरांतील गृहनिर्माण संस्थांच्या सूचनाफलकांवर ‘परिसरात पाणी साचू देऊ नये’ ही सूचना दिसू लागते. व्याकरणाच्या दृष्टीने ती निर्दोष आहे. तथापि ती वाचणारी गृहिणी आपल्या न्हाणीघरातील भरलेल्या पिंपाकडे वळून पाहत नाही, आणि यात तिचा दोष फारसा नाही. ‘साचणे’ हे अकर्मक क्रियापद आहे. खड्ड्यात, गच्चीवर, पन्हळीत पाणी साचते, म्हणजे कोणाची इच्छा नसताना ते तेथे थांबते. पिंपातील पाणी मात्र कोणीतरी हेतुपुरस्सर ‘साठवलेले’ असते, किंवा घरगुती बोलीत ‘भरून ठेवलेले’ असते. बोलण्याच्या ओघात खड्ड्यातील पाण्यालाही ‘साठले’ म्हणतात हे खरे; परंतु ‘साठवणे’ या प्रयोजक रूपात कर्ता आला की काटकसर, दक्षता, गृहव्यवस्था असे प्रशस्त अर्थ त्यासोबत येतात. ‘साचलेले’ या शब्दाला घाणीची छटा आहे. ‘साठवलेले’ या शब्दाला नाही.

डासाला हा भेद अर्थातच ठाऊक नसतो. किंबहुना रोगप्रसाराच्या दृष्टीने मुंबईत सर्वांत घातक ठरलेल्या दोन जातींना स्वच्छ पाणीच अधिक मानवते. हिवतापाचा प्रसार करणारा ‘ॲनॉफिलीस स्टीफेन्सी’ विहिरी, गच्चीवरील टाक्या व बांधकामाच्या जागी भरून ठेवलेले पाणी यांत वाढतो. डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरविणारा ‘एडिस इजिप्ती’ पिंपे, फुलदाण्या, कुंड्यांखालच्या ताटल्या, शीतकपाटामागील तबक, टाकून दिलेले टायर अशा लहान जागा पसंत करतो. गटाराच्या दूषित पाण्यात वाढतो तो मुख्यतः ‘क्यूलेक्स’. हत्तीरोगाचा तो वाहक असला, तरी हिवताप वा डेंग्यू पसरविणे हे त्याचे काम नव्हे. या तिघांना मराठीत एकच शब्द आहे, डास. तो संस्कृत ‘दंश’वरून आला असल्यामुळे साहजिकच चावण्याची क्रिया तेवढी सांगतो, चावणारा कोण, केव्हा व कोठून आला, याविषयी तो मूक आहे.

या मौनाचा परिणाम ऋतुमानाच्या समजुतीवरही होतो. ‘पावसाळा म्हणजे डास’ असे समीकरण रूढ आहे. वस्तुतः मुसळधार पावसाने गटारे धुऊन निघतात आणि क्यूलेक्सच्या अळ्या वाहून जातात. पाऊस संपून प्रवाह मंदावला की ही जात बळावते. सायंकाळी कानाशी गुणगुणून त्रस्त करणारे डास पुष्कळदा हेच असतात. हिवताप व डेंग्यू यांचा जोर मात्र पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत असतो. त्यातही ॲनॉफिलीस रात्री चावतो, एडिस दिवसा. त्यामुळे रात्री मच्छरदाणी लावून निश्चिंत झालेल्या घरात दिवसा डेंग्यूचा शिरकाव होऊ शकतो. एडिस फार दूर उडत नाही. त्याचे जन्मस्थान बहुधा त्याच इमारतीत वा शेजारी सापडते. पलीकडच्या नाल्याकडे बोट दाखविणाऱ्या रहिवाशांना ही गोष्ट सहसा रुचत नाही.

पाण्याविषयीच्या भावना प्रतिबंधाच्या आड येणे मुंबईला नवे नाही. सी. ए. बेंटली यांनी 1911 साली मुंबईतील हिवतापाविषयी अहवाल सादर करून शहरातील विहिरींकडे लक्ष वेधले. पुढे विहिरी झाकण्याची वा बुजविण्याची मोहीम निघाली, तेव्हा अनेकांनी धार्मिक कारणास्तव आक्षेप घेतले. महापालिकेच्या सेवेत असलेल्या रुस्तम पेस्तनजी मसानी यांचे लक्ष या आक्षेपांमुळेच विहिरींसंबंधीच्या लोकश्रद्धांकडे वळले व 1918 साली त्यांचा ‘फोकलोअर ऑफ वेल्स’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. विहिरीचे पाणी श्रद्धेने पवित्र मानले जाई. आजचे पिंपातील पाणी टंचाईने मौल्यवान केले आहे. ज्या वस्तीत नळाला दिवसातून थोडाच वेळ पाणी येते, तेथे ‘पिंप रिकामे करा’ ही आज्ञा कोण पाळणार?

या दृष्टीने ‘आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा’ ही शासकीय सूचना पुष्कळच सुज्ञ आहे. उबदार हवेत अंड्यापासून पंख फुटलेल्या डासापर्यंतच्या अवस्था सुमारे सात ते दहा दिवसांत पुऱ्या होतात. म्हणून आठवड्याची मर्यादा. ‘पाळा’ हे क्रियापदही समर्पक आहे, कारण मराठी माणूस उपवास पाळतो, व्रत पाळतो. परंतु ‘कोरडा’ हा शब्द येथे अपुरा पडतो. एडिसची मादी पाण्याच्या पातळीलगत भांड्याच्या ओलसर भिंतीवर अंडी घालते आणि ती अंडी कोरडी राहूनही कित्येक महिने तग धरतात. पिंप उपडे करून वाळविले व पुन्हा भरले, तर ती फुटतात. म्हणून खरी क्रिया ‘कोरडे करणे’ ही नसून ‘घासणे’ ही आहे, आणि हा शब्द स्वयंपाकघरात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. पिंप वापरत वापरत तळाशी न्यावे, आतून काथ्याने घासावे, मग भरून घट्ट झाकावे. यात पाणी वाया जात नाही.

ज्या विहिरी व मोठ्या टाक्या रिकाम्या करता येत नाहीत, त्यांत अळ्या खाणारे गप्पी मासे सोडतात. त्रिनिदादच्या गप्पी नामक निसर्गसंशोधकाचे नाव या माशाला मिळाले आहे. मराठी कानाला मात्र तो गप्पा मारणारा वाटतो, आणि कदाचित म्हणूनच हे एक परकीय नाव लोकांच्या तोंडी सहज बसले. सूचनाफलकावर ‘साचलेले’ या शब्दाशेजारी ‘भरून ठेवलेले’ हे दोन शब्द लिहिण्यास तर तेवढाही आयास पडणार नाही.