टाच राहिली!

‘सांधा’ आणि ‘सांधणे’ यांचे नाते मी वर्गात दर वर्षी समजावून सांगतो. सांधा म्हणजे जिथे दोन गोष्टी जोडल्या जातात ती जागा. पण तोडायची जागाही तीच असते, हे मला मामांच्या आजारपणात कळले.

मामांचे डावे पाऊल कारखान्यात यंत्राखाली सापडले. बोटे आणि चवडा यांचा चेंदामेंदा झाला. टाच तेवढी शाबूत होती. “घोट्याच्या सांध्यातून पाऊल काढावे लागेल,” डॉक्टर म्हणाले. मामी मटकन खाली बसल्या. मी रागानेच म्हणालो, “पाय गेला तो गेलाच! इथून कापला काय नि तिथून कापला काय?”

“फार फरक आहे, प्रोफेसर,” डॉक्टर शांतपणे म्हणाले, आणि त्यांनी आम्हाला एडिंबरोच्या जेम्स साइमची हकिगत सांगितली.

साल होते 1842. ईथरने भूल देण्याचा बोस्टनचा सुप्रसिद्ध प्रयोग व्हायला अजून चार वर्षे होती. रोगी शुद्धीवर असतानाच शस्त्र चालायचे. पाऊल सडले, की शल्यविशारद सहसा गुडघ्याखाली करवत लावीत. साइमला वाटले, दुखणे पावलात, मग निरोगी नडगीला शिक्षा का? त्याने घोट्याचा सांधा उकलला, दोन्ही बाजूंची हाडांची टोके तेवढी छाटली आणि टाचेची कातडी खालून वळवून हाडावर शिवली.

सारी खुबी त्या कातडीत आहे. टाचेखालची चरबी चिवट धाग्यांच्या लहान लहान कप्प्यांत बसवलेली असते. देहाचा भार सोसणारी ती निसर्गाची गादीच! नडगी मधोमध कापली, तर त्या टोकावर उभे राहवत नाही. इथे राहवते. पाय थोडा आखूड होतो, बाहेर जाताना कृत्रिम पाऊल लागते. पण रात्री न्हाणीपर्यंत जायला कुणाला हाक मारावी लागत नाही.

मामांनी ऐकून घेतले आणि सही केली.

पुढच्या नरकचतुर्दशीला पहाटे आम्ही त्यांच्याकडे होतो. अभ्यंगस्नान झाले. तुळशीपुढे कारीट ठेवलेले. ते डाव्या पायाच्या अंगठ्याने फोडायचे. आम्ही सारे गप्प. मामांनी भिंतीचा आधार घेतला आणि तो आखूड पाय कारिटावर टेकवला. कारीट फुटले.

“अंगठा गेला म्हणून काय झाले?” मामा म्हणाले, “टाच आहे ना!”