पंधरा दिवसांत शिकलेली लिपी

रमजानचा सतरावा रोजा आला की बद्रची आठवण निघते. हिजरी सन २, म्हणजे इ.स. ६२४ मधील या लढाईत मक्केचे सुमारे ७० लोक कैद झाले. ज्यांच्या घरी पैसा होता ते मुक्तिधन भरून सुटले. काहींजवळ पैसा नव्हता, पण लिहिता येत होते. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी त्यांना निराळी अट घातली : मदिनेतील १० मुलांना लिहायला शिकवा आणि घरी जा. काल तलवार घेऊन चालून आलेला माणूस आज गुरुजी होऊन बसला.

या मुलांमध्ये हजरत जैद बिन साबित (रजि.) यांचेही नाव सांगितले जाते. वय जेमतेम तेरा. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपलेले. बद्रला जाण्याचा हट्ट त्यांनीही धरला होता, पण लहान म्हणून त्यांना परत पाठवल्याचे सांगतात. तलवार हाती आली नाही, लेखणी मात्र आली.

पुढे पैगंबरांनी त्यांच्यावर एक नाजूक काम सोपवले. मदिनेतील यहुदी कबिल्यांशी पत्रव्यवहार चाले. आलेले पत्र वाचायला आणि उत्तर लिहायला दुसऱ्यावर विसंबावे लागे. मजकुरात एक शब्द इकडचा तिकडे झाला तर करार मोडायचा. म्हणून जैद यांना यहुद्यांची लिपी शिकण्याची आज्ञा झाली. पंधरा दिवसही लोटले नाहीत तोच त्यांनी ती आत्मसात केली, असे हदीसमध्ये नमूद आहे.

ही गोष्ट सांगताना बरेच जण तिला चमत्काराचा मुलामा देतात. तशी गरज नाही. अरबी लेखन त्यांना आधीच येत होते. कुरआनच्या कित्येक सूरह तोंडपाठ होत्या. हिब्रू लिपीत अक्षरे २२, तीही अरबीसारखीच उजवीकडून डावीकडे लिहिली जाणारी, आणि दोन्ही भाषा एकाच कुळातल्या. शिवाय त्यांना पंडित व्हायचे नव्हते. पत्र वाचायचे आणि लिहायचे, एवढेच काम होते. शिकलेले लगेच वापरातही आले. आलेली पत्रे तेच वाचून दाखवू लागले, उत्तरेही तेच लिहू लागले. पंधरा दिवसांचे कौतुक करावे, पण त्यामागची बद्रनंतरची अक्षरओळख आणि पुढची रोजची पत्रे विसरू नयेत.

थोडे असले तरी नित्य होणारे कर्म अल्लाहला अधिक प्रिय, असे पैगंबरांनी सांगितले आहे. ते स्वतः दर रमजानमध्ये हजरत जिब्रील (अलै.) यांच्यासोबत कुरआनची उजळणी करीत. अखेरच्या वर्षी ती दोनदा झाली. ज्यांच्यावर कुरआन अवतरला, त्यांनीही उजळणी सोडली नाही.

यमामाच्या लढाईत अनेक हाफिज शहीद झाले, तेव्हा खलिफा हजरत अबू बकर (रजि.) यांनी कुरआन एकत्र लिहून काढण्याचे काम जैद यांच्याकडे दिले. डोंगर हलवणे याहून सोपे वाटले असते, असे ते म्हणत. त्यांना कुरआन पाठ होता, तरी एकट्याच्या स्मरणावर ते विसंबले नाहीत. खजुरीच्या फांद्या, पातळ दगड, लोकांची हृदये, जिथे जे होते तिथून त्यांनी ते पडताळून घेतले.

आज मदरशात हिफ्ज करणारे मूल सकाळी नवा सबक ऐकवते आणि दिवसभरात जुना आमोख्ता घोकते. नवा सबक दहा ओळींचा असेल, जुने मात्र वाढतच जाते, आणि खरी दमछाक तिथेच होते. दोरी सोडलेल्या उंटाहूनही कुरआन लवकर निसटतो, असा इशारा हदीसमध्ये आहे तो उगीच नव्हे. तरावीहमध्ये पुढे उभ्या असलेल्या हाफिजच्या मागे म्हणूनच एक सामेअ उभा असतो, अडखळले की आयत सांगणारा. सत्ताविसाव्या रात्री खत्म करायचा तर रोज एका पाऱ्याहून थोडे अधिक. असरनंतर मशिदीच्या कोपऱ्यात दोघे समोरासमोर बसतात. एक डोळे मिटून म्हणतो, दुसरा मुसहफवर बोट ठेवून ऐकतो. वजूखान्यावर गर्दी वाढते, बाहेर खजूर आणि फळांच्या ताटल्या मांडल्या जातात. चूक झाली की बोट थांबते, आणि आयत पुन्हा पहिल्यापासून.