वीरगळाला ऑइलपेंट नको, दप्तराला रद्दीचा भाव नको : गावानं इतिहासाचा दिवस घ्यायचा कसा?

सातारा : जिल्ह्यातला प्रतापगड जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला. मराठ्यांचे एकूण बारा किल्ले त्या यादीत आले. आनंदाचीच गोष्ट. पण गावच्या देवळामागं गवतात पडलेल्या वीरगळाचं काय? जुन्या वाड्याच्या माळ्यावर उंदरानं कुरतडलेल्या मोडी दप्तराचं काय? त्यासाठी कुठली यादी नाही, पहारेकरी नाही. ते गावानंच जपायचं असतं.

म्हणूनच अलीकडं गावोगाव तरुण मंडळं, वाचनालयं आणि निवृत्त शिक्षक मिळून ‘इतिहास मंडळ’ नावाचं काहीतरी सुरू करताना दिसतात. कुणी गावफेरी काढतं, कुणी जुने कागद मांडतं. असे कार्यक्रम चांगले झाले तर गावाला दोन पिढ्या पुरेल एवढी शिदोरी मिळते. घाईनं केले तर मात्र नुकसान होतं, आणि ते भरून येत नाही. काय करावं आणि काय टाळावं, ते बघूया.

पहिली पायरी : गावफेरी

सुरुवात फेरीनं करावी. खर्च शून्य. वेस, पार, देऊळ, बारव, चावडी, जुनी तालीम, स्मशानाची वाट असं सगळं एका सकाळी फिरून होतं. सोबत दोन म्हातारी माणसं आणि दोन शाळकरी पोरं हवीतच. एकजण सांगतो, दुसरा लिहितो, तिसरा फोटो काढतो.

दगडावर ‘शके’ असा आकडा दिसला तर त्यात ७८ मिळवायचे, म्हणजे साधारण इसवी सन निघतो. सातारा तालुक्यातल्या लिंब इथली बारा मोटेची विहीर शके १६४१ ते १६४६ या काळातली. ७८ मिळवले की १७१९ ते १७२४, म्हणजे थोरल्या शाहू महाराजांचा काळ. पोरांना हे गणित एकदा कळलं की ती स्वतःच दगड शोधत फिरतात.

वीरगळ वाचायचा खालून वर

वाई तालुक्यातल्या किकलीत भैरवनाथाच्या देवळापाशी वीरगळ मोठ्या संख्येनं आहेत. पण एखाददुसरा वीरगळ जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत सापडतो. लोक त्याला ‘वीर’ म्हणतात, कुठं शेंदूर लावून देव म्हणून पुजतात, तर कुठं त्यावर धुणं धुतात.

वीरगळ खालून वर वाचायचा. खालच्या चौकटीत लढाई आणि पडलेला वीर. तिथं गाई कोरलेल्या असतील, तर तो गावची जनावरं वाचवताना मेला असं समजतात. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला स्वर्गाला नेतात. वर तो शिवलिंगाची पूजा करताना दिसतो. माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर त्याची कीर्ती राहील. शेजारी कोपरात वळलेला, बांगड्या भरलेला हात कोरलेला दगड असला तर ती सतीशिळा. आणि गाढवाचं चित्र असलेला दगड म्हणजे गद्धेगाळ, दान दिलेली जमीन हिसकावणाऱ्याला दिलेली शिवी.

स्वच्छतेचा कार्यक्रम घ्यायचा तर साधं पाणी आणि मऊ ब्रश, एवढंच. तारेचा ब्रश, अ‍ॅसिड, ऑइलपेंट नको. चांगल्या भावनेनं रंग दिला तरी बारीक कोरीव काम त्याखाली बुजतं. रस्त्याचं किंवा सभामंडपाचं काम निघालं की वीरगळ काँक्रीटमध्ये अर्धा गाडला जातो, म्हणून ठेकेदार यायच्या आधी त्याची नोंद आणि फोटो झालेले बरे. वास्तू संरक्षित असेल तर पुरातत्त्व विभागाला विचारल्याशिवाय हात लावू नये. आणि खोदकाम तर मुळीच नको. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेला दहा रुपयांवरच्या किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो.

कागदांचा दिवस, आणि खरी अडचण

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव फिरून कागद गोळा करत. १८९८ पासून त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड काढले आणि १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं केलं. तेव्हाचं ते काम अजून संपलेलं नाही. घरोघरच्या पेट्यांत आजही कागद आहेत. पण घर पाडलं की पेटी रद्दीत जाते. शाळेतून मोडी गेल्यामुळं घरच्यांनाच ते वाचता येत नाहीत. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मोडी वाचणारी माणसं किती कमी उरलीत ते सगळ्यांना कळलं.

कागदांचा दिवस घ्यायचा म्हटलं की लोक मात्र कचरतात. कारण उघड आहे. भाऊबंदकी! ‘कागद बाहेर काढला आन् चुलत्यानं वाटणी मागितली तर?’ ही भीती खोटी नाही. म्हणून नियम आधीच फळ्यावर लिहावेत. मूळ कागद मालकाच्या हातातच राहणार. फोटो त्याच्यासमोर काढणार. त्याच्या परवानगीशिवाय व्हॉट्सअ‍ॅपवर काही जाणार नाही. जमिनीचा वाद तिथं निघणार नाही, त्याची जागा तहसील आणि कोर्ट. हे नियम पाळले तर पुढच्या वर्षी शेजारीही पेटी घेऊन येतो.

कागदाला लॅमिनेशन करू नये, चिकटपट्टी लावू नये. सावलीतल्या उजेडात, फ्लॅश न मारता फोटो काढावा. घडी जबरदस्तीनं उलगडू नये. कागदावर फसली सन असेल तर ५९० किंवा ५९१ मिळवावे, शुहूर सन असेल तर ५९९ किंवा ६००. मोडी वाचणारा जाणकार नसेल तर अंदाजानं अर्थ लावू नये. फोटो जपून ठेवले तर पुढं कधीही वाचता येतात.

आठवणींना मात्र वेळ नाही

दगड थांबतो, कागदही काही दिवस थांबतो. माणूस थांबत नाही. १९४२ च्या प्रतिसरकारच्या वेळी जे दहा वर्षांचे होते, ते आज नव्वदीच्या पुढं आहेत. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप, १९७२ चा दुष्काळ, खडी फोडायची कामं, सुकडी हे सांगणारेही आता साठी-सत्तरीच्या पुढं गेलेत.

मोबाईलवर रेकॉर्डिंग करावं. एका बैठकीला एकच विषय घ्यावा. सुरुवातीला नाव, वय, गाव आणि तारीख बोलून घ्यावी. ‘इतिहास सांगा’ म्हटलं की म्हातारी माणसं गप्प होतात. ‘दुष्काळात वैरण कुठनं आणली?’ असं विचारलं की तासभर बोलतात.

इथं एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. गावचा इतिहास म्हणजे फक्त पाटलाचा वाडा नव्हे. सुतार, लोहार, कुंभार, रामोशी, महार, मांग, धनगर या सगळ्यांच्या घरच्या आठवणी त्यात आल्या पाहिजेत, बायकांच्या जात्यावरच्या ओव्यांसकट. ज्याचं नाव कार्यक्रमात येत नाही तो परत येत नाही, आणि मंडळ दोन गल्ल्यांपुरतं उरतं.

कधी आणि कुठं?

जत्रेचा आदला दिवस सगळ्यात बरा. मुंबई-पुण्याची मंडळी गावी असतात, हातात वेळ असतो, जुने फोटोही सोबत आणता येतात. नाहीतर १ मे किंवा १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला जोडून शाळेच्या व्हरांड्यात मांडामांड करावी. पेरणी-काढणीत कुणी फिरकणार नाही.

कार्यक्रम झाला की जमलेली माहिती एका वहीत उतरवून तिच्या तीन प्रती कराव्यात. एक शाळेत, एक ग्रामपंचायतीत आणि एक वाचनालयात. रेकॉर्डिंग आणि फोटो दोन वेगळ्या पेनड्राईव्हवर ठेवावेत. अध्यक्ष, उपाध्यक्ष कोण यावर पहिली बैठक घालवण्यापेक्षा गावातली ऐंशीच्या पुढची माणसं किती, याची यादी त्या बैठकीत करावी. फेरी, दगड, कागद यांचं नंतर बघता येईल. त्या यादीतल्या पहिल्या घरी मात्र याच आठवड्यात जायला हवं.