सुई पाहताच घेरी येते? अंग सैल सोडू नका, आवळा!

‘एवढा मोठा माणूस आणि सुईला घाबरतो?’ रक्त तपासायला गेल्यावर ज्यांना दरदरून घाम फुटतो, डोळ्यांसमोर अंधारी येते, त्यांनी हे वाक्य कधी ना कधी ऐकलेले असते. पण हसण्यावारी नेलेली ही भीती महागात पडू शकते. मधुमेही इन्सुलिन टाळत राहतो, रक्ततपासणी ‘पुढच्या महिन्यावर’ जाते, कुत्रा चावल्यावर लस घ्यायला उशीर होतो. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली, की रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते. म्हणजे प्रश्न थेट जिवाचा आहे.

ही भीती इतर भीतींपेक्षा वेगळी आहे. साप दिसला की छाती धडधडते, रक्तदाब वाढतो. सहसा कोणी बेशुद्ध पडत नाही. सुईच्या भीतीत मात्र अनेकांचा रक्तदाब आधी वाढतो आणि मग एकाएकी घसरतो. हृदयाचे ठोके मंदावतात, रक्तवाहिन्या सैलावतात, मेंदूला रक्त कमी पडते आणि माणूस कोसळतो. हा भित्रेपणा नव्हे, शरीराची प्रतिक्षिप्त क्रिया आहे. ती पुष्कळदा एकाच कुटुंबातील अनेकांत आढळते.

म्हणूनच अशा व्यक्तीला ‘अंग सैल सोडा’ हा नेहमीचा सल्ला उपयोगी पडत नाही. स्वीडनमधील मानसशास्त्रज्ञ लार्स-गोरान ऑस्ट यांनी १९८०च्या दशकात नेमकी उलटी पद्धत विकसित केली : स्नायू आवळून रक्तदाब टिकवणे.

पद्धत सोपी आहे. खुर्चीत बसा. हात, पाय आणि पोटाचे स्नायू १० ते १५ सेकंद घट्ट आवळा. चेहऱ्यावर ऊब जाणवली, की ताण सोडा. पण अंग पूर्ण ढिले करू नका. २० ते ३० सेकंद थांबून पुन्हा आवळा. असे पाच वेळा करा. आठवडाभर घरी रोज सराव केला, तर ऐन वेळी ते आपोआप जमते. सुई टोचताना तो हात मात्र सैल ठेवावा. उच्च रक्तदाब, हृदयविकार असलेल्यांनी आणि गर्भवतींनी आधी डॉक्टरांना विचारावे.

पूर्वी कधी चक्कर आली असेल, तर तसे नर्सला आधीच सांगावे. आडवे झोपून इंजेक्शन घेता येते. दुखण्याचीच धास्ती असेल, तर त्वचा बधिर करणारे मलम डॉक्टरांच्या सल्ल्याने साधारण तासभर आधी लावता येते. भीती फारच तीव्र असेल, तर मानसोपचारतज्ज्ञ आधी सिरिंजचे चित्र, मग सुई नसलेली सिरिंज हातात, अशी एकेक पायरी चढवत सवय करून देतात.

या भीतीचे मूळ बहुधा बालपणात असते. ‘गप्प बस, नाहीतर डॉक्टरकाका सुई देतील’ ही धमकी आणि ‘अजिबात दुखणार नाही’ ही थाप, दोन्ही टाळायला हव्यात. लसीकरणाच्या वेळी तान्ह्या बाळाला अंगावर पाजावे, मोठ्या मुलाला मांडीवर बसवून गोष्टीत गुंतवावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५मध्येच सुचवले आहे. ‘थोडे टोचेल, लगेच थांबेल’ हे खरे सांगितले, तर मूल पुढच्या वेळीही विश्वासाने हात पुढे करते.